ताईच्या गाठीची काच

४ मार्च

ताईच्या मणक्यात कॅन्सर. गळ्यातून गेलेला — थायरॉईडचा! दोन वर्षांपूर्वी गाठ काढली तेव्हा आमच्याच लॅबच्या सरांनी रिपोर्ट दिला होता, 'साधी गाठ'. तो मीच तिला हसत हसत वाचून दाखवला. सरांना सोडणार नाही.

६ मार्च

सर जेवायला गेल्यावर कपाटातून ताईचा जुना मेणाचा ठोकळा काढला. आत जपून ठेवलेली नखाएवढी गाठ. मार्कर — पेशी ओळखायची खास रसायनं — लावले की कॅन्सरच्या पेशी तपकिरी होतात, साध्या गाठीच्या सहसा होत नाहीत. एवढं त्या शहाण्याला तेव्हा सुचू नये? टेक्निशियन आहे मी, उद्या माझ्या हातानं करते.

७ मार्च

गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन मार्कर लावले. तपकिरी! या काठापासून त्या काठापर्यंत! तुलनेला दुसऱ्या कुणाची साधी गाठ लावली होती, ती कोरी. तिन्ही मार्करना तेच. इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. ताईच्या कॅन्सरवर नाचतेय मी.

९ मार्च

ताई म्हणते, "जाऊ दे गं. तू भांडलीस म्हणून माझी पाठ दुखायची थांबणारे का?" कूस बदलताना ओठ चावते, आणि वर मलाच शहाणपण शिकवते! मला सरांची मान खाली गेलेली बघायचीय. बस्स.

१२ मार्च

गुरुवारची बैठक. सगळ्या डॉक्टरांसमोर दोन्ही काचा पडद्यावर लावल्या — सरांची जुनी आणि माझी. सर्जनबाईंनी विचारलं, "मार्कर का नाही केले तेव्हा?" सरांचा चेहरा पांढराफटक. एवढंच म्हणाले, "रिपोर्टवर सही माझी आहे. चूक माझी."

मान खाली गेली. तरी माझं पोट भरलं नाही. नोकरीच घालवते त्यांची. उद्याच तक्रार.

१३ मार्च

तक्रारीला जोडायला जुनी फाईल काढली. रिपोर्टच्या मागे एक फॉर्म टाचलेला. सरांचं अक्षर: 'शंका आहे. मार्कर करा.' खाली उत्तर: 'किट संपलं.'

अक्षर माझं. किट संपलं नव्हतं. त्या दिवशी पेशंटचा नंबरही न बघता सगळ्या फॉर्मांवर तेच खरडलं होतं मी. लवकर निघायचं होतं — ताईला हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं.