एक मिलिमीटरचं बिट

२ जून १९९६, रविवार
वहिनी आणि तिची मुलगी अंजली भवानीनगरहून येऊन गेल्या. येताना दादाची गिटार आणली. सगळ्यात बारीक तार तुटली आहे. वहिनी म्हणाली, भावजी, तेवढी तार बसवून द्या, पोरगी म्हणतीय पप्पांच्या पुण्यस्मरणाला मीच वाजवणार.
नुसती तार? मी वालचंदनगरात कंपनीच्या इन्स्पेक्शनला आहे. माझ्या हातून दादासाठी फक्त तार?
गिटारच्या मानेवर जी काळी पट्टी असते, तिच्यात शिंपल्याचं पिंपळपान बसवायचं, पानात 'र', दादाच्या नावाचा, रवींद्रचा. बारामतीत रद्दीत मिळालेल्या एका परदेशी मासिकात पद्धत दिली आहे. पट्टीत पानाच्या आकाराची खाच कोरायची, शिंपला तसाच कापायचा, आत चिकटवायचा. कोरायचं मशिन माझ्याकडे आहे, पण त्याला अगदी बारीक राउटर बिट, म्हणजे कापणारं टोक, लागतं, एक मिलिमीटरचं.
पुण्यस्मरण १७ नोव्हेंबरला. काम जूनअखेर संपेल. तार शेवटी. ती काय, कुठंही मिळते.
गिटार कपाटात ठेवली. कपाटाचं दार आता लागत नाही.
दादाला जाऊन सात महिने होतील. घरात मी एकटाच सावरलेला आहे. कुणीतरी असायला हवंच.

९ जून
उजनीचं पाणी खाली गेलंय. पळसदेवजवळ चिखलात शिंपलेच शिंपले. एका मासेमाराने विचारलं, खायला का? म्हणालो, नाही. मग कोंबड्यांना? म्हणालो, गिटारला. त्याने जाळं उचललं आणि जरा लांब जाऊन बसला.
संध्याकाळी दगडावर शिंपला घासला. आतून सुंदर निघाला. भुकटी फार उडते. डोळे चुरचुरले, पाणी आलं. बायकोने विचारलं, काय झालं? भुकटी, म्हणालो.

१५ जून
कंपनीच्या टूल रूममध्ये, जिथं हत्यारं मिळतात तिथं, गेलो. आमच्याकडे गिअरचा एकेक दात म्हशीच्या डोक्याएवढा. तिथल्या जयवंताला म्हणालो, एक एमेमचं बिट पाहिजे. तो म्हणाला, एक इंची? म्हणालो, एमेम. मग त्याने बाकीच्यांना बोलावलं आणि मला परत सांगायला लावलं. म्हणाला, संघपालराव, हितं एक एमेम म्हंजी आमी चूक म्हणून सोडून देतो. तुमीच पास करता की!
हसले सगळे. मीही हसलो. मनाला लावून घेतलं नाही.
(पास करतो, पण कायम नाही.)

३० जून
बारामती. गेणूशेठचं हार्डवेअर. त्याने एक एमेमचं ड्रिल दिलं. समजावून सांगितलं की ड्रिल फक्त खाली जातं, मला आडवं कापणारं पाहिजे. गेणूशेठ म्हणाला, भोक पाडायचं आन् आडवं ढकलायचं, त्यात काय हाय?
ढकललं. मोडलं. दुसरं मोडलं. तिसरं जपून मोडलं.
काम जूनअखेर संपणार नाही. आज जूनअखेर आहे, म्हणून नक्की सांगता येतं.

२१ जुलै
लोणी देवकरला नवे कारखाने आलेत, तिथं बारीक हत्यारं असणार, असा माझा अंदाज. वॉचमनने विचारलं, कुणाला भेटायचंय? मला अनोळखी माणसांशी पटकन बोलता येत नाही. म्हणालो, कुणाला असं नाही. तो म्हणाला, मग कुणाला न्हाय भेटलात तर चालंल ना? चाललं.
परत आलो. रविवारी कारखाना बंदच होता, त्यामुळे आत जाऊनही उपयोग झाला नसता. निर्णय बरोबर.

११ ऑगस्ट
शेजाऱ्यांकडे वहिनीचा फोन. तार बसली का? म्हणालो, काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. ती म्हणाली, एका तारंला किती टप्पं असत्यात, भावजी?
अंजलीने म्हणे एका फळीवर पेनाने सहा रेघा मारल्या आहेत आणि रोज त्या फळीवर बोटं ठेवून सराव करते. चांगलं आहे. बोटांना वळण लागेल.

१ सप्टेंबर
मला सुचलं! दातांच्या डॉक्टरकडे अगदी तसंच बिट असतं. बारामतीला गेलो. दवाखान्यात बायामाणसं बसलेली. त्यांच्यासमोर गिटारचं काय बोलायचं? कंपाउंडरला सांगितलं, दाढ दुखते. खरं तर दुखत नव्हती.
डॉक्टरांनी बघितलं. दाढ किडलेली निघाली. कोरायला घेतली. तेच बिट! खाली जातं आणि आडवंही कापतं! पण ते माझ्या तोंडात असल्यामुळे मागता येईना.
बधिर गाल घेऊन एस.टी.ने परत. कंडक्टरला तिकीट कुठलं ते तीनदा सांगावं लागलं. आता निदान बिट कुठं मिळतं ते कळलंय.

८ सप्टेंबर
परत गेलो, स्पष्ट विचारलं. डॉक्टर इतके हसले की तोंडावरचा मास्क सुटला. वापरलेली चार बिटं कागदात बांधून दिली. मग विचारलं, गिटार कुणाची? म्हणालो, भावाची. गेल्या वर्षी गेला. त्यांनी विचारलं, थोरला का धाकटा? थोरला, म्हणालो. त्यांनी पुडी उघडली आणि एक कोरं बिट आणखी टाकलं.
डोळे चुरचुरले. दवाखान्यातलं औषध उग्र असतं.

२२ सप्टेंबर
डॉक्टरांचं बिट माझ्या मशिनला सैल होतं. जयवंताने पितळेची नळी करून दिली. आता अगदी घट्ट बसलं. पोळपाटावर सराव केला. लोण्यासारखं कापतं. पिंपळपान झालं, पण शिंपला एक एमेम खाली बसला. आमच्या कंपनीत पास झालं असतं.
बायको म्हणाली, अहो, प्रत्येक चपातीवर पान उठतंय.
मी म्हणालो, बघ, किती स्वच्छ उठतंय.

२० ऑक्टोबर
क्वार्टर्समध्ये बातमी पसरली. समोरच्या साखरबाईंच्या मिसळणाच्या डब्यावर कमळ. जयवंताच्या कॅरमवर त्याचं नाव. शेजाऱ्यांच्या पाटावर मोर (बदक म्हणतात, पण मोर आहे). सगळ्यांचे शिंपले आता अगदी समपातळीत. हात तयार झालाय.
गिटार अजून घेतली नाही. हवेत ओल आहे. लाकूड फुगलेलं असतं.

२७ ऑक्टोबर
हवा कोरडी आहे. जास्तच कोरडी. लाकूड तडकायची भीती.

१२ नोव्हेंबर
गिटार टेबलावर घेतली. पेन्सिलने पान काढायला गेलो. मासिकात दाखवलेली जागा पट्टीवरच्या तिसऱ्या आणि चौथ्या आडव्या पितळी दांडीच्या मध्ये. तिथं लाकूड झिजलंय. दादा चौदा एप्रिलला मिरवणुकीत ट्रॉलीवर उभा राहून वाजवायचा, वर्षानुवर्षं, त्याच्या बोटाने तिथं खळगा पडलाय. माझं बोट त्यात ठेवून बघितलं. बसलं.
बिट लावलं, मशिन चालू केलं. बंद केलं.
बिट बोथट वाटलं. कोरं होतं, पण वाटलं.
गिटार परत कपाटात.

१७ नोव्हेंबर, रविवार
भवानीनगर. प्रथम पुण्यस्मरण. पांढरे कपडे, फोटोला हार, बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं. मग अंजलीने मी आणलेली गिटारची पिशवी उघडली. बघितलं. माझ्याकडे बघितलं.
तार विसरलो होतो.
तिने पाच तारांवर वाजवलं. बारीक तारेच्या जागी बोट बरोबर जायचं, फळीवर शिकल्यासारखं, आणि आवाज यायचा नाही. ती थांबली नाही. बापासारखीच खाली मान घालून वाजवते.
खीर वाढताना वहिनीने मला बाजूला बोलावलं. हळू म्हणाली, भावजी, गिटार ठिवून घ्यायची व्हती तर तसं सांगायचं. मी न्हाय म्हणले असते व्हय?
मी म्हणालो, तसं काही नाही वहिनी, एक एमेमचं बिट मिळत नव्हतं.
ती म्हणाली, व्हय. आणि माझ्या वाटीत आणखी खीर घातली.

१८ नोव्हेंबर
रजा टाकली. बारामतीला गेलो. गेणूशेठच्या दुकानाला लागूनच वाद्यांचं दुकान आहे. तारा दारातच टांगलेल्या. आत जावंही लागलं नाही.
भवानीनगरला जाऊन तार बसवली. अंजली म्हणाली, काका, बसा की, वाजवते. थोडा वेळ बसलो. लवकर निघालो, एस.टी. होती. पुढची पण होती.
घरी आलो. कपाटाचं दार आता नीट लागतं. दोनदा लावून बघितलं.
डोळे चुरचुरतायत. शिंपल्याची भुकटी असणार. आज काही घासलं नव्हतं.