तवा परत पाठवतेय

प्रिय डेल्बर्ट,

कन्फ्लुअन्सला सुखरूप पोचले. सोबतचं खोकं बघून घाबरू नकोस, तू माझ्या सायकलवर लादलेलं सामानच परत येतंय. बिडाचा तवा कशाला रे? पोस्टातली बाई हसली, "पहिल्या मुक्कामावरून सगळेच जादा ओझं घरी पाठवतात, पण तवा आणणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

माझे गुडघे ठीक आहेत. कंबरलँडपर्यंत जुन्या रेल्वेचीच वाट आहे. रूळ गेले, पण चढ मालगाडीला झेपेल एवढाच. तिथून बहिणीच्या गावापर्यंत मात्र डोंगरातल्या आडवाटा. तिथली कुत्री नुसती भुंकतात म्हणे.

तुझी पाठ कशी आहे? कोंबड्या अंडी देतायत ना?

"या वयात सायकलवर संसार लादून कोण हिंडतं?" म्हणत तू घरी बसलास. मग पिशवीच्या तळाशी, माझ्या रेनकोटखाली, तुझाही रेनकोट कसा निघाला?

खोक्यात तो शोधू नकोस, मी ठेवून घेतलाय. पुढच्या शनिवारी कंबरलँडच्या जुन्या स्टेशनपाशी थांबते. आडवाटांनी कुठून जायचं ते दोघं मिळून ठरवू. कोंबड्या शेजारच्या डोरीनकडे सोपव, सायकलमध्ये हवा भर आणि ये.

तवा घरीच ठेव.

तुझीच हट्टी,
मर्ना