चाकाची बॅग आणि टॉवेल-टोपीचं बोचकं

तीर्थरूप शांताअक्काला,

नेकनूरहून धाकट्या मल्लिनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं अलगद ठेवलं आहे, गुडघ्याला धक्का लागू दिला नाही.) गुडघे आता कसे आहेत? दाजींची साखर ताब्यात आहे का, की अजूनही फिरायला जातो म्हणून सांगून कोपऱ्यावरच्या गाड्यावर जिलबी खातात? आम्ही सगळे महादेवाच्या कृपेने बरे आहोत. दुकान चाललं आहे. तुझी भावजय शिवकन्या ठणठणीत आहे, एवढी की तिने एक अट घालूनच माझ्या हातात पेन दिलं. अट अशी की पंचमीचा विषय काढायचा नाही. आई गेल्यावर अक्कांना इकडं यावंसं वाटत नसेल, सारखं बोलावून माणूस अवघडतं, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. म्हणून आई गेल्यापासून तू एकाही पंचमीला आली नाहीस, आणि दर वेळी फोनवर "सामान उचलणं होत न्हाई रे आता" एवढंच सांगून विषय बदलतेस, हे मी या पत्रात अजिबात लिहिणार नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तुझे आभार मानायचे आहेत. फोनवर आभार मानायला लागलो की तू "बरं बरं, जेवलास का?" म्हणतेस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

तुला आठवतं का, माघात आम्ही दोघं पुण्याला तुझ्याकडे आलो होतो? सामानाचे पाच डाग होते बरोबर. ज्वारीचं पोतं, कुरडयांचा डबा, लोणच्याची बरणी, अंथरूण (हो, अंथरूण, कारण तुझ्याकडे कमी पडलं तर?) आणि कपड्यांची गोणी. लिफ्टमध्ये आधी सामान गेलं, मग आम्ही. तू दारात कपाळावर हात मारून म्हणालीस, "मल्ल्या, इथं काय दुष्काळ पडलाय का रे?" आणि मग चार दिवस तू माझी शिकवणी घेतलीस. प्रवासाला निघताना जे घ्यावंसं वाटतं त्यातलं अर्धं बाहेर काढायचं, आणि उरलेल्याचं पुन्हा अर्धं. ही पहिली शिकवण. घर पाहुण्याला दाखवायला सजवायचं नसतं, आपल्याला त्यात बसावंसं वाटावं म्हणून सजवायचं, ही दुसरी. निघताना तुझी ती निळी चाकाची बॅग माझ्या हातात दिलीस. अक्का, या दोन्ही शिकवणींनी माझं किती भलं केलं ते आता सविस्तर सांगतो. सांगताना थोडं हसं होईल, पण माझंच होईल.

वैशाखात उमापूरच्या शहादेवकडे वास्तुशांत होती. शहादेव म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, शेती करतो, मोठ्या हौसेने घर बांधलं आहे. म्हटलं, हीच वेळ. सामान काढलं, अर्धं केलं, पुन्हा अर्धं केलं. शेवटी माझा एक सदरा-पँट, शिवकन्येची एक साडी, विभूतीची डबी आणि कंगवा. (कंगव्याचंही अर्धं करावं का, असं शिवकन्येने विचारलं. माझ्या टकलाकडे बघून विचारलं.) नेकनूर ते बीड, बीडहून गेवराई, तिथून उमापूर, एवढ्या बस बदलल्या पण एकदाही "उतरा की हो, वाट सोडा" असं कुणी ओरडलं नाही. मी तर बीडच्या स्टँडवर ती बॅग उगाच दोन फेऱ्या चालवून आणली. शहादेव मात्र आम्हाला बघून दचकला. "कावून एवढीच पिशवी बे? वहिनीसंगं भांडून निघालास का?" वहिनी माझ्या शेजारीच उभी होती.

संध्याकाळी घामेजलेला सदरा धुऊन दोरीवर टाकला. सकाळी बघतो तर शहादेवच्या शेळीने एका बाहीची चव घेतलेली, पार कोपरापर्यंत. अंगावर दुसरा घातला, तर न्याहारीला वाढणाऱ्या पोराने आमटीचं ओगराळं थेट खिशात रिकामं केलं. शिवकन्येची प्रवासातली साडी दोरीवर ओली, आणि अंगावरच्या साडीवर मांडवातल्या कूलरने गढूळ पाण्याची पिचकारी मारली. चार डाग घेऊन आलो असतो तर यातलं काहीच अडलं नसतं, पण आम्ही तुझे शिष्य. शहादेवची बायको सावित्रीबाई देवमाणूस. तिने आहेरासाठी आणलेल्या गठ्ठ्यातली कोरी साडी शिवकन्येला दिली आणि शहादेवसाठी शिवलेला दुसरा झुळझुळीत पांढरा पोशाख मला. घड्या मोडलेल्या नाहीत, कांजीचा वास येतोय, असे आम्ही दोघं नटून मांडवाच्या तोंडाशी खुर्च्या टाकून पंख्याखाली बसलो. यजमान आत होमापुढे धुरात बसलेले.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. सावित्रीबाईच्या माहेरचा टेम्पो आला. त्यातले ओळखीचे सरळ आत होमाकडे गेले, उरलेल्या निम्म्यांनी शहादेवला कधी बघितलेलं नाही. मांडवाच्या दारात कोऱ्या कपड्यातलं जोडपं दिसलं, पहिल्या म्हाताऱ्याने पुढे होऊन मला गंध लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, हातात टॉवेल दिला. बाईने शिवकन्येची ओटी भरली. मी म्हणालो, "अहो मी न्हाई, मालक आत हायेत." अक्का, जगात कुठल्याही माणसाने हे ऐकलं असतं. पण आपल्याकडे आहेर घेताना प्रत्येक माणूस आधी नाही नाहीच म्हणतो. मी जितकं नको म्हणालो तितका माझा विनय वाढत गेला. "लई साधा माणूस हाय," असं एकजण दुसऱ्याला सांगताना मी या कानांनी ऐकलं. एकाने सुरुवात केली की रांग लागते, आणि रांग लागली की कुणी विचारत नाही. टोपीवर टोपी चढत गेली. शिवकन्येच्या ओटीतले नारळ मावेनात, खण गुडघ्यांवरून घरंगळायला लागले. ती ओठ न हलवता मला म्हणाली, "उठा की." पण उठणार कसा, पुढचा म्हातारा गंधाचं बोट घेऊन तयार.

शहादेव बाहेर आला तेव्हा मी टोप्यांच्या उतरंडीखाली बसलो होतो. सगळं त्याच्यापुढे ठेवलं, हात जोडले. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "डोक्यावर घातलेली टोपी काढून दुसऱ्याला घालत्यात का बे? तुझा हाय, तू ने." सावित्रीबाईनेही भरलेली ओटी परत घ्यायला साफ नकार दिला. शेवटी शहादेवच्या सोलापुरी चादरीत बोचकं बांधलं. जाताना दोन बोटांनी ओढलेली बॅग येताना त्या बोचक्यावर बाळासारखी बसली होती. बसमध्ये दोन बायांनी मला टॉवेलचा भाव विचारला.

आता तू म्हणशील, कापडाचं दुकान आहे, विकून टाकायचं. आहेर विकतात का अक्का? माझं सगळं दुकान आहेरावर चालतं, पण ते दुसऱ्याच्या आहेरावर. शिवाय घरी येऊन बोचकं सोडलं तर त्यातल्या एका टॉवेलवर माझ्याच दुकानाची चिठ्ठी. तो टॉवेल किती लग्नं, किती बारशी फिरून, न वापरता, घडी न मोडता माझ्याकडे परत आला होता. मला त्याची दया आली. म्हटलं, याचा प्रवास आता पुरे.

आणि इथे तुझी दुसरी शिकवण कामाला आली. जन्मभर मी लोकांना पडद्याचं कापड फाडून दिलं, पण आपल्या घराला कधी पडदा लावला नाही. आठव, खिडकीला जुनं लुगडंच असायचं. शिवकन्येने मशीन काढलं. खणाला खण जोडून पडदे शिवले. हिरवा, मोरपंखी, डाळिंबी, कडेला इरकली काठ. सकाळी ऊन आलं की फरशीवर रंग सांडतात. टॉवेलांच्या उशांच्या खोळी झाल्या, सोफ्याच्या पाठी झाल्या. टोप्यांचं काय करावं सुचेना, तर मी त्या उलट्या करून ओळीने भिंतीला ठोकल्या. एकीत किल्ल्या, एकीत चष्मा, एकीत दुकानाची बटणं. शेजारच्या धोंडीरामला वाटलं टोप्या अडकवून ठेवल्यात, त्याने सवयीने एक काढून डोक्यावर घातली आणि त्याच्या सगळ्या अंगावरून बटणं घरभर झाली. रतनबाई (त्याची बायको) अजून झाडताना तिच्याही ओसरीत बटण सापडलं की त्याच्या नावाने हाक मारते.

मग मला थांबवेना. आतली खोली, आईची, तिला रंग द्यायला काढला. रंगाच्या दुकानातल्या कार्डावर तो चौकोन पिकल्या लिंबासारखा गोड दिसत होता, भिंतीवर चढला तर खोली एसटीचं पार्सल ऑफिस झाली. पुन्हा घासली, पुन्हा दिला, या वेळी फिका. पाठ धरली, नखांत रंग गेला, पण अक्का, खरं सांगतो, दुकानात गिऱ्हाईक असलं तरी माझं मन त्या खोलीत असायचं. पन्नाशीत मला कळलं की आपल्या घराला आपल्या हाताने काही करण्यात एवढा आनंद असतो. हे तू शिकवलंस. तू पुण्यात फ्लॅटमध्ये शिकवलंस असं तुला वाटतं, पण तू ते आधीच शिकवलं होतंस. पंचमीच्या आदल्या दिवशी चुन्याची भिंत पुसून तू गेरूने नागोबा काढायचीस, मी वाटी धरून उभा असायचो, आणि हललो की टपली. ते आठवलं आणि ब्रश चालवताना डोळे भरून आले. (पंचमीचा विषय मी काढलेला नाही. हा नागोबाचा विषय आहे.)

तेव्हा अक्का, तुझे मनापासून आभार. तुझ्यामुळे मी हलका प्रवास शिकलो आणि घर बघायला शिकलो. आमची लेक राजनंदिनी सुटी संपवून पुण्याला कॉलेजला निघाली आहे. तुझी चाकाची बॅग तिच्याबरोबर परत पाठवतो आहे, हे पत्र त्यातच आहे. दाजींना नमस्कार, जिलबीचं मी काही बोललो नाही म्हणून सांग.

तुझा,
मल्लिनाथ

ता. क. तू म्हणशील, लेक माहेरहून निघाली काय आणि बॅग निघाली काय, रिकामी कशी पाठवली? मुद्दाम पाठवली. आता नीट ऐक. सामान उचलणं होत नाही म्हणून तू येत नाहीस. पण अर्ध्याचं अर्धं करायला तूच शिकवलंस, आणि चाकंही तुझीच. मग आता कुठलं सामान राहिलं? पंचमीच्या आधी मी मुराळी म्हणून तुला न्यायला येतो. ही बॅग रिकामीच घेऊन निघ. तुझ्यासाठी साड्या इथे काढून ठेवल्या आहेत, आईच्या त्या खोलीत. ती खोली तुझी आहे. आई गेली तेव्हा ओसरीत बसून तू म्हणालीस, "माझं माहेर संपलं." त्याचं उत्तर आज देतो. नाही संपलं अक्का. मी आहे ना.

ता. क. दुसरा. शिवकन्येने पत्र वाचायला मागितलं आहे. तिच्या हातात जायच्या आत वरचा ता. क. खोडावा म्हणतो, पण ती समोरच उभी आहे.

(हे मी शिवकन्या लिहिते.) अक्का, नमस्कार. यांनी शब्द मोडला, मला ठाऊकच होतं. पडदे सगळे मी शिवलेत, यांनी नुसता धागा ओवून दिला. रोज दुकान बंद केलं की त्या खोलीत जाऊन बसत्यात आन म्हणत्यात, अक्काला आवडंल का गं? मी आता हो म्हणून म्हणून दमले. दाराजवळची चुन्याची भिंत तेवढी यांनी रंगवू दिली न्हाई. तुमी न्हाई आलात तवा दर साली मीच नागोबा काढला, तर त्याला बघून धोंडीराम म्हणतो, वहिनी गांडूळ लई झ्याक काढलंत. भिंत कोरी हाय अक्का. या. बॅग आमी भरून देऊ. आन येताना कुणी कितीबी आग्रह केला, तरी टॉवेल तेवढा घेऊ नका.