बाग, बोध आणि लेनाची पाठ

१२ एप्रिल
शाळेतून निवृत्त झालो. निर्णय पक्का: दर रविवारी प्रार्थनाघरात पाच मिनिटं बोलायचं. ऋतूंत, बागेत, रोजच्या जगण्यात देव कसा भेटतो, ते सांगायचं. पास्टर याकोब म्हणाले, बघू. होकारच तो. बायको लेना म्हणाली, आधी बटाटे लाव. तिची नजर कायम जमिनीकडे.

२० एप्रिल, रविवार
जर्दाळू फुललाय. 'आशा' या विषयावर बोललो. पाच मिनिटं जरा लांबली. दुसऱ्या बाकावरच्या कातरीना आजी डोळे मिटून ऐकत होत्या. लेना म्हणते, घोरत होत्या.

२३ एप्रिल
शेजारचा कुबानिच काल संध्याकाळी सांगून गेला, मास्तर, थंडी मारणार, झाडाखाली ओला पेंढा जाळा, धूर करा. मी आशेचा भाग दुसरा लिहीत होतो. सकाळी आमचा मोहोर काळा. त्याचा शाबूत. परीक्षा श्रद्धावंताचीच होते. (कुबानिच पाच वेळा नमाज पढतो. यावर नंतर विचार करू.)

२० मे
तण म्हणजे पाप. मुळासकट उपटलं. हलकं वाटलं. लेनाने ढीग पाहिला. म्हणाली, ही गाजरं होती. लगेच 'क्षमा' लिहायला घेतलं. वाचून दाखवणार होतो, ती उठून गेली.

२ जुलै
पाटाच्या पाण्याची पाळी आमची होती. 'जिवंत पाणी' लिहिताना तंद्री लागली. लेना एकटीच फावडं घेऊन गेली. पाठीत उसण भरली, पडून आहे. जर्मनीहून मुलीचा फोन: आई, तिकीट काढते, तू इकडे ये, बाबांना बसू दे बोलत. लेना लगेच नाही म्हणाली नाही.
आज काही लिहवत नाही.

२० सप्टेंबर
उद्या प्रार्थनाघरात कापणीचा सण. प्रत्येकाने आपल्या बागेतलं काहीतरी न्यायचं. लेनाला अजून वाकता येत नाही. बटाटे आहेत, पण खणावे लागतात. तोकमोक शहराच्या बाजारातून भोपळा आणला. देवाला सगळ्या बागा सारख्याच.

२१ सप्टेंबर, रविवार
याकोबनी दोन शब्द बोलायला सांगितलं. म्हणालो, बी रुजल्यापासून हा भोपळा मी पाहतोय, यानेच मला संयम शिकवला. कातरीना आजींनी डोळे उघडले. म्हणाल्या, कोर्नेलियस, भोपळा माझा आहे, काल सुनेने विकला. देठाजवळची कुदळीची खूणही दाखवली. सगळे टेबलापाशी येऊन बघून गेले. याकोब म्हणाले, पुढच्या रविवारपासून तुम्ही इथली शेगडी पेटवायचं बघा.
घरी पोचेपर्यंत लेनाला कळलं होतं. पाठ धरून हसत होती. मुलीला फोन लावला, सांगितलं, पुन्हा हसली. मग डोळे पुसून तिला म्हणाली, ह्याला एकट्याला सोडून मी कुठे येऊ.
उद्या बटाटे काढायचे. ती खुर्ची टाकून सांगणार, मी खणणार. वही घरात ठेवायची, असं बजावलंय.