डोंगरावरचा फोटो

अल सुलै, रियाध

प्रिय शरफुन्निसा,

अस्सलामु अलैकुम. मी सुखरूप परत आलोय, अम्मींनाही सांग.

नव्या क्रेनची दुरुस्ती शिकायला कंपनीने मला आणि नबीलला कोरियाला पाठवलं होतं. नबील इथला सौदी, माझ्याच हाताखाली शिकलाय. सुट्टीच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी आम्हाला तिथल्या सोराक्सान डोंगरावर नेलं. झाडं लालभडक, वर नुसते उघडे सुळके. लोखंडी जिन्यावर धुकं इतकं दाटलं की पुढचा माणूस दिसेना. नबील घाबरून बसलाच. मी त्याला हाताला धरून माथ्यापर्यंत नेलं.

वर साहेब म्हणाले, "अली, तू फोटो काढ." मी काढला. आता तो ऑफिसात लावलाय, खाली लिहिलंय, 'आमची क्रेन टीम'.

काल साहेबांनी विचारलं, "नबीलला सगळं काम येतं ना?" मी छाती फुगवून सांगितलं, "माझ्याइतकंच येतं." साहेब हसले नाहीत.

इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवा करायला दिलाय, अजून आला नाही. येईल. आपल्या छोट्या दुआचा खोकला थांबला का? मागच्या खोलीचं काम मात्र इतक्यात काढू नकोस.

सोबत तो फोटो पाठवतोय. दुआला सांग, त्यात अब्बांना शोधू नकोस.

तुझा,
अली