सगळा वर्ग डावखुरा

२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आता नीट बसून वाच. तुझा भाऊ मास्तर झालाय! हसू नकोस, अजून पुढं आहे. इथल्या प्राथमिक शाळेत हॉल झाडायला लागलो हे कळवलंच होतं. परवा खेळाचे सर शिडीवरून उतरताना शेवटची पायरी विसरले आणि पाय प्लॅस्टरात. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून विचारलं की सर येईपर्यंत दुसरीच्या पोरांचा तास घेशील का. मी आधी हो म्हटलं आणि काय शिकवायचं ते नंतर विचारलं.

तर फरशीवरची हॉकी. हॉलमध्येच खेळायची. प्लॅस्टिकची हलकी काठी, भोकाभोकांचा पोकळ चेंडू. सरांनी दवाखान्यातून निरोप पाठवला की गोलबिल विसर; काठीचं पातं जमिनीला चिकटलेलं राहू दे, चेंडू मारायचा नाही, ढकलायचा, आणि आलेला चेंडू अडवताना काठी जराशी मागं घ्यायची, म्हणजे तो उसळून परत जात नाही. कुणाची काठी कमरेच्या वर गेली की त्यानं जागच्या जागी मांडी घालायची. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग मांडी घालून होता.

आणखी एक घोळ होता. मी समोर उभा राहून दाखवायचो आणि पोरं काठी बरोबर उलटी धरायची. माझा डावा हात खाली, तर त्यांचा उजवा. मग एकेकापाशी जाऊन हात बदलून दिले. दमलो, पण आता सगळी माझ्यासारखी धरतात.

महिनाअखेर बाई तास बघायला येणार. पसंत पडला तर खेळाचा मदतनीस म्हणून कायम घेतील. नाहीतर झाडू आहेच, आणि झाडू घेऊन मी किती टिकेन ते तुला माहीत आहे. ताई, हे काम मात्र सुटू नये असं वाटतंय.

लोभ आहेच, त्यात थोडा मान मिसळून पाठव.

तुझा,
भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बिचारी पोरं. आणि लगेच चप्पल घालून शेजारी सांगायला गेली की आमचा मास्तर झाला. गॅरेज, बेकरी, ट्रक, गोदाम, तू सोडलेल्या कामांची नावं घेताना मला धाप लागते. म्हणून या वेळी मी कुणाला काही सांगितलेलं नाही.

पण अरे शहाण्या, तू डावखुरा आहेस! पोरं उलटी धरत नव्हती. समोरच्याचं बघून करताना आरशासारखं होतं. तुझा डावा तिकडं त्यांचा उजवा, आणि त्यातल्या बहुतेकांना तोच बरोबर होता. तू मेहनत घेऊन अख्खा वर्ग डावखुरा केलास. माझ्याकडं शिवण शिकायला मुली येतात तेव्हा मी समोर बसतच नाही, मागं उभी राहते.

हसून हसून माझी शिलाई वाकडी गेली, ती उसवायला तू ये. बाई येण्याआधी निस्तर.

माया आहे, पण अक्कल तुझी तुलाच आणावी लागेल.

ताई

१८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात होतं आणि त्याच दिवशी सर कुबड्या घेऊन आले. दारातच त्यांना इतकं हसू आलं की एक कुबडी निसटली. म्हणाले, परत फिरव सगळ्यांना, झटपट.

मी शिट्टी तोंडात धरली, ओरडणार, आणि एकदम आपले चौथीचे गुरुजी आठवले. माझा डावा हात रुमालानं बाकाला बांधायचे बघ. त्या रुमालापायी मी शाळा सोडली, आणि इथं येऊन मीही पोरांचे हात धरून फिरवले. काठी वर न नेताच मांडी घालून बसलो. पोरांना वाटलं नवा खेळ आहे, तीही बसली.

दुसऱ्या दिवशी कार्यानुभवाच्या तासानं हॉलभर कागदाचे कपटे केले होते. मी पोरांना लांब दांड्याचे झाडू दिले आणि शर्यत लावली की दारापर्यंत ढीग कोण आधी नेतो. काठीचं नावच काढलं नाही, फक्त हात बघत राहिलो. बहुतेकांचा उजवा खाली. तिघांचा डावा. त्यात एक अगदी बारकी पोरगी आहे, मी तिला चिमणी म्हणतो. आता ज्याचा हात त्याचा. पण घडी बसायला वेळ कमी आहे आणि माझं पोट दुखतंय.

लोभाबरोबर ओवा पाठवला तरी चालेल.

भिंगरी

२४ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ओवा नाही, उपदेश पाठवते. तुझी कामं पायांनी सुटत नाहीत, जिभेनं सुटतात. गॅरेजवाल्याला काय बोलला होतास ते आई अजून कुणाला सांगत नाही. बाई काही बोलल्या तर हो म्हण आणि गप्प राहा. आई रोज विचारते, तास झाला का.

जीव टांगणीला आहे, लवकर कळव.

ताई

३१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गप्प राहिलो नाही.

तास झकास चालला होता. पातं जमिनीला, चेंडू या पोराकडून त्या पोराकडं, कुणी मांडी घालेना. बाईंनी मान डोलावली. मग त्यांना चिमणी दिसली. ही चुकीची धरते म्हणत त्या स्वतः वाकल्या आणि तिचे हात बदलायला लागल्या. पोरीनं चेहरा असा पाडला की मी हॉलभर ऐकू जाईल असा ओरडलो, राहू द्या, तिचा हात तोच आहे. बाई तशाच निघून गेल्या. मी खोलीवर जाऊन पिशवी भरली.

सकाळी बोलावणं आलं. बाईंनी विचारलं की तुला कसं कळलं. मी झाडूंचं सांगितलं, मग रुमालाचंही सांगून टाकलं. त्यांनी चिमणीच्या वर्गबाईंना बोलावून विचारलं की पोरगी लिहिते कुठल्या हातानं. त्या म्हणाल्या, उजव्या, पण सारखी आठवण करावी लागते. बाई म्हणाल्या, आजपासून करू नका. आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या की सोमवारपासून मदतनीस म्हणून ये, आणि शाळेत जरा हळू बोलत जा.

पिशवी रिकामी केली. राहतोय मी, ताई.

अक्षर बघून घाबरू नकोस. हे पत्र डाव्या हातानं लिहिलंय. हात शाईवरून घासत जातो, ओळी जिन्यासारख्या चढतात, पण थांबवत नाही. आईला म्हणावं, जिथं वाचता येणार नाही तिथं मी मजेत आहे असं समज.

लोभ वाढवलास तर आता मावायला जागा आहे.

तुझा,
भिंगरी