पोत्यावरचे बापूजी

पुणे,
२ सप्टेंबर २०२४

ती. बळीराममामांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, मी बरी आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं असतं तर पुसदच्या आत्याआजीने तुमच्याआधी वाचून आईला फोन केला असता. म्हणून पोस्ट.

आमच्या डिझाइन कॉलेजात सध्या जगातल्या गाजलेल्या लोगोंचा अभ्यास चालू आहे. पॉल रँड नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी एका बड्या कॉम्प्युटरवाल्याला बजावलं, की मी एकच चिन्ह करीन, नाही आवडलं तर वापरू नका, मेहनताना मात्र पूर्ण घेईन. मिल्टन ग्लेझर यांनी न्यूयॉर्कचं ते लाल बदामाचं चिन्ह टॅक्सीत बसून पाकिटावर काढलं. आपल्या स्टेट बँकेचा निळा गोल शेखर कामत यांचा. या सगळ्यांकडून मी एकच शिकले: काढता येईल ते काढून टाकायचं, उरतो तो लोगो.

आता सरांनी सांगितलंय की खऱ्या धंद्यासाठी चिन्ह करा आणि ते दिवाळीच्या आत खऱ्या मालावर बाजारात दिसू द्या. नाही दिसलं तर मी नापास. आणि नापास झाले तर काय, हे आईने प्रवेशाच्या दिवशीच सांगून ठेवलंय: सामान बांधायचं, कळंबला यायचं, मुलगा पाहिलेलाच आहे.

म्हणून मामा, तुमची डाळ मिल मला द्या. रागावू नका, पण तुमच्या पोत्यावर बापूजींचा लाल फेट्यातला फोटो, मागे सूर्य, हिरवं शेत, दोन बैल आणि कोपऱ्यात कमळ आहे. एवढ्या गर्दीत डाळीला जागा कुठून मिळते?

बापूजींना आणि इंदूमामींना नमस्कार. माया वरणासारखी दाट ठेवा.

तुमची,
सलोनी

* * *

आर्णी,
९ सप्टेंबर

चि. सलोनीस,
मामाचे भरपूर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिलमध्ये बसून वाचलं. घरी वाचलं असतं तर तुझ्या मामीने खांद्यावरून वाचलं असतं. नंतर तिने वाचलंच, ते सोड.

परवा स्टेट बँकेत गेलतो तेव्हा तो निळा गोल पहिल्यांदा नीट पाहिला. सोबत आमचा हमाल रामधन होता. त्याला विचारलं, हे काय असेल बा. तो म्हणाला, मालक, किल्लीचं भोक आहे, पण किल्ली आपल्याजवळ नाही. कामत साहेबांना कळवता आलं तर कळव.

मिल घे. मात्र दोन अटी. पहिली, पोत्यावरून बापूजी हलणार नाहीत. धंदा माझा असला तरी चेहरा त्यांचा आहे. १९८४ मध्ये एका चक्कीवर सुरुवात केली तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहून कोणी तुरीचं पोतं सोडत नव्हतं. पत होती वडिलांच्या तोंडाला, म्हणून ते छापलं. आता बाया दुकानात तूरडाळ मागत नाहीत, एक किलो बापूजी द्या म्हणतात. आणि ते स्वतः रोज मिलच्या फाटकात खुर्ची टाकून बसतात. गिऱ्हाईक एकदा पोत्याकडे पाहते, एकदा त्यांच्याकडे, मग समाधानाने जाते.

दुसरी अट, यंदा मिलला चाळीस वर्षं झाली. तेव्हा दोन्ही सालं खाली आली पाहिजेत.

रँड साहेबांचं एकच चिन्ह करण्याचं मला पटलं. तू दोन केलीस तर एक मामी पसंत करेल, दुसरं बापूजी, आणि मी मधात.

अभ्यास कर, जेवत जा, लोभाची काळजी नको, तो इथे भरपूर आहे.

तुझा,
बळीराममामा

* * *

पुणे,
३० सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

चित्र सोबत आहे. एकच केलंय.

रंग काढले. काळ्या-पांढऱ्यात जे उभं राहत नाही ते रंगातही उभं राहत नाही, असं सर म्हणतात. सूर्य, शेत, बैल, कमळ गेलं. फेट्याच्या तीन रेषा ठेवल्या. डोळ्यांत फार बारीक काम होतं, तिथे फक्त दोन खालच्या वळणाच्या रेषा काढल्या. त्याने चेहऱ्यावर कशी शांतता आलीय पाहा. डाळ आहे हे कळावं म्हणून भोवती तुरीच्या फुलांचं गोल कडं घातलं. खाली ‘बापूजी’, त्याखाली तुमच्या अटीप्रमाणे १९८४–२०२४. आधी ‘स्थापना’ लिहिलं होतं, पण सर म्हणाले, एकही शब्द जास्त नको.

बापूजींना दाखवा आणि काय म्हणाले ते लगेच कळवा. त्यांची पसंती येईपर्यंत जेवण गोड लागणार नाही, तशी मेसमध्ये ते एरवीही लागत नाही.

तुमची,
सलोनी

* * *

आर्णी,
११ ऑक्टोबर

चि. सलोनीस,
आशीर्वाद. वि. वि.

आधी सांगतो, बापूजी सुखरूप आहेत. असं का लिहावं लागलं ते आता वाच.

चित्र आलं तेव्हा मला काही ते मनातून आवडलं नाही. पण फोनवर तूच सांगितलं होतंस, की त्या बुटांच्या कंपनीच्या मालकालाही आपलं चिन्ह सुरुवातीला आवडलं नव्हतं. म्हटलं, मला आवडलं नाही म्हणजे भारी असेल. बापूजींना दाखवलं नाही. त्यांना नवल वाटावं म्हणून ते कळंबला तुझ्या आईकडे, चिंतामणीच्या दर्शनाला गेले तेव्हा बसस्टँडच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लावला. दिवाळीच्या साफसफाईसाठी मिलही त्याच दिवशी बंद ठेवली.

आता तू आर्णीचा माणूस हो आणि पाहा. सकाळी चौकात काळा-पांढरा बापूजी. डोळे मिटलेले. भोवती फुलं. खाली दोन सालं. मिल बंद, फाटकात खुर्ची रिकामी.

नऊ वाजता धरमसिंग किराणावाल्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मी मार्केट यार्डात होतो, फोन खिशात मुका. घरी बाया डोक्यावर पदर घेऊन आत येऊ लागल्या. तुझ्या मामीला वाटलं, मीच गेलो. ती रडायला लागली, तेव्हा बायांची खात्रीच पटली. मयताच्या घरचा कडू घास म्हणून शेजारून पिठलं-भाकर आलं. पुसदची आत्या जीपमधून हंबरडा फोडतच उतरली. कोणीतरी तुझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, आत्ताच तर चहा पिऊन बसमध्ये बसले. त्यावरून लोकांनी ठरवलं, की बसमध्येच गेले.

चाळीस वर्षांचा माणूस एवढा म्हातारा कसा, असं एकानेही विचारलं नाही. मी धावत चौकात पोचलो तर बापूजी हातात प्रसादाची पुडी धरून गर्दीच्या मागे उभे. फ्लेक्स उतरवला. त्यांनी तो घडी करून मागून घेतला आणि तेव्हापासून माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. पोत्यांची छपाई मी थांबवली आहे. दोष निम्मा माझा आहे, निम्मा तुझ्या सरांचा, तुझ्या वाट्याला काही ठेवला नाही.

तुझा,
मामा

* * *

पुणे,
१५ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्राआधी आत्याआजीचा फोन आईला आणि आईचा मला पोचला. तुझ्या शिक्षणाने घरातला माणूस गेला, असं आई म्हणाली. गेला नाही म्हटलं तर म्हणाली, तुझ्या हातून तर गेलाच होता. येत्या रविवारी ती मला न्यायला येतेय.

ग्रुपवर आलेले चौकातले फोटो सरांना दाखवले. ते म्हणाले, एका सकाळीत अख्खं गाव थांबवणारं चिन्ह त्यांनी पाहिलं नव्हतं. पण पोत्यावर आलं नाही तर गुण देता येणार नाहीत. तुम्ही छपाई थांबवलीत ते योग्यच केलं, मी आग्रह करत नाही. फक्त बापूजींना विचारा, माझ्याशी बोलतील का.

लोभ शिल्लक असेल तर असू द्या.

सलोनी

* * *

आर्णी,
१८ ऑक्टोबर

सलोनीले बापूजीचा आशीर्वाद.

लिहिणारी तुही इंदूमामी आहे. मी बोलतो तसं लिहून राह्यली, मधात आपलं काही घालत नाही.

तुह्या मामानं पोते छापणं बंद केलं. म्हणे, लोक काय म्हणतीन. लोक काय म्हणतात ते मी त्या दिवशी कानानं ऐकलं. बसमधून उतरलो त सगळे मान वर करून मले पाहून राह्यले होते, म्हणून खाली मले कोणी ओळखलं नाही. मी उभा राहून ऐकत गेलो. धरमसिंग सांगे का बापूजीनं मापात कधी खोट केली नाही. माप तुहा मामा करते, मी त नुसता खुर्चीवर बसतो. तरी ऐकाले बरं वाटलं. जित्या माणसाले हे कोणी सांगत नाही.

किसनसिंगसंग शेताच्या धुऱ्या-बांधावरून आपला अबोला, तुह्या आईच्या लग्नाआधीचा. तो ट्रॅक्टरभर लाकडं घेऊन आला. मले पाहिलं त त्याले वापसही जाता येईना. मग घरी बसून चहा पेला. लाकडं ठेवून गेला, म्हणे लागतीनच कधी ना कधी. काल पुन्हा आलता. त्याले चुकीनं झालं असं सांगू नको.

आता तुह्या चित्राचं. फेट्याचा रंग काढला, बैल काढले, सूर्य काढला, काढू दे. या वयात एकेक निघतच जाते. पण डोळे उघड. पोत्यावर मी झोपलो त खुर्चीवर जागं राहून काय फायदा? अन् दुसरं साल खोडून टाक. तिथं काही लिहू नको, मोकळी जागा ठेव. एवढं करून दोन दिवसांत पाठव, दिवाळीच्या आत पोते बाजारात गेले पाहिजे. मामाले मी सांगितलं, तो हो म्हणे. नाही म्हणाची त्याले सवय नाही, माह्यासमोर.

तुह्या मायचा फोन आलता, रविवारी तुले घ्याले येतो म्हणे. मी म्हटलं, सलोनीनं मले मारलं आहे, आता जितं तिनंच करावं लागते, अन् ते काम कळंबले होत नाही.

माया कमी करू नको.

तुहा, सध्या हयात,
बापूजी